बघत बसण्याचा पगार

प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यापासून दर जूनमध्ये एक प्रश्न माझ्यासमोर येतो. बी.एस्सी. झालेला मुलगा म्हणतो, "सर, मला प्राण्यांच्या वर्तनावर काम करायचंय." शेजारचे वडील विचारतात, "पण सर, याला पगार कोण देणार?" वडिलांचा प्रश्न क्षुद्र नाही. तो टाळून निसर्गप्रेमावर व्याख्यान झोडणे मला तरी जमत नाही.

प्रश्न जुनाच आहे. १९३० साली सालिम अली जर्मनीत पक्षिशास्त्राचे धडे घेऊन परतले, तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली त्यांची गाइड-लेक्चररची जागा पैशाअभावी रद्द झालेली होती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे बघत बसले. त्यातून कळले ते असे : घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की माद्या पाहणीला येतात. एखादीला पसंत पडले तर ती ताबा घेते, नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरे विणायला घेतो. आपण मात्र त्याला स्त्रीलिंगी नाव देऊन मोकळे झालो! आपल्याकडच्या वर्तन-अभ्यासातले हे मोलाचे काम एका बेकार माणसाने केले, हे अभिमानाने सांगावे की खेदाने, मला अजून ठरवता आलेले नाही.

१९७३ साली फॉन फ्रिश, लोरेन्त्स आणि टिनबर्गन यांना नोबेल मिळाले आणि मधमाश्या, बदके, कुरव पक्षी यांच्याकडे बघत बसण्याला प्रतिष्ठा आली. पण प्रतिष्ठेने पोट भरत नाही. त्यासाठी संघटना लागते. अमेरिकेत १९६४ साली स्थापन झालेली 'ॲनिमल बिहेवियर सोसायटी' या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ब्रिटनमधल्या भगिनी-संस्थेबरोबर ती एक संशोधनपत्रिका चालवते. विद्यार्थ्यांना संशोधनासाठी अनुदान देते, वार्षिक अधिवेशनात त्यांना आपले काम मांडायला लावते. शिवाय पाळीव जनावरांच्या वर्तन-समस्या हाताळणाऱ्या तज्ज्ञांना रीतसर प्रमाणपत्र देते. चावऱ्या कुत्र्याचा मालक अशा माणसाला फी देतो. प्राणिसंग्रहालये, गोठे, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल इथेही हे ज्ञान लागते.

आपल्याकडे? बुद्धीची वाण नाही. पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे मिलिंद वाटवे आणि त्यांचे सहकारी यांनी वेड्या राघूवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. पक्ष्याला माणूस दिसत असे; पण एका जागेवरून त्या माणसाला घरटे दिसे, दुसरीवरून दिसत नसे. घरटे दिसत असले की पक्षी आत शिरायला कचरे, नसले की जास्त सहज शिरे. म्हणजे समोरच्याला काय दिसते याचा अंदाज या 'वेड्या'ला असावा. यंत्रसामग्री जवळजवळ शून्य.

आणि गरज? जुन्नर भागात या शतकाच्या सुरुवातीला बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला. माणसांवरचे हल्ले त्यानंतर वाढले, असे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले. बिबट्याचे वर्तन न जाणता पिंजरा लावण्याची किंमत उसात काम करणाऱ्या माणसांनी मोजली.

तेव्हा पगाराबद्दल सरळ सांगतो. कायम जागा थोड्या आहेत. एम.एस्सी., मग नेटची परीक्षा, शिष्यवृत्ती, पीएच.डी. हा लांबचा रस्ता. देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, मुंबईची बीएनएचएस, बंगळूरची विज्ञान संस्था ही त्यावरची ठिकाणे. प्रकल्पावरची नेमणूक मिळते, पण ती प्रकल्पाबरोबरच संपते. म्हणून शेवटच्या वर्षात दुसरीकडे अर्ज टाकायला हवेत. घरी कर्ज असेल तर बी.एड.ही करून ठेवावे, त्यात कमीपणा नाही. आणि प्रवेश मिळेपर्यंत रिकामे बसू नये. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली असतील, तर एका पावसाळ्याची तारीखवार वही भरावी. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर ती न्यावी.