कुंपण आणि शेत

शेताभोंवतीं कुंपण घालावयाचें तें पीक राखण्यासाठीं. पण कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी? ही जुनी शंका आज घरोघरच्या संगणकापुढें पुन्हां उभी राहिली आहे. बँकेचा व्यवहार, विजेचें बिल, मुलांच्या परीक्षेचे अर्ज हें सारें ज्या यंत्रावर चालतें, त्याच्या रक्षणासाठीं लोक पैसे मोजून अँटिव्हायरस घेतात. परंतु ठेवलेला रखवालदार विश्वासाचा आहे कीं नाहीं, याची चौकशी फारच थोडे करतात.

चोर काल्पनिक नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचें मालवेअर जगभर पसरलें. तें संगणकांतील फायली कुलुपबंद करी आणि किल्लीसाठीं खंडणी मागे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना त्या वेळीं ठरलेल्या शस्त्रक्रियाहि रद्द कराव्या लागल्या. ज्या फटींतून तें पसरलें, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें दोन महिने आधीं, मार्चमध्येंच, दिलेली होती. अनेकांनीं ती बसविली नव्हती.

अशा चोराला अँटिव्हायरस दोन रीतींनीं ओळखतो. माहीत असलेल्या मालवेअरच्या खुणांची यादी जवळ ठेवून प्रत्येक फाइल तिच्याशीं ताडून पाहणें, ही एक रीत. दुसरी, वागणुकीवर नजर ठेवण्याची: एकाएकीं शेंकडों फायली बदलूं लागणारा प्रोग्राम तो अडवितो. या दोन्हीं कामांसाठीं त्याला घरांतील प्रत्येक खोलींत शिरण्याची मुभा लागते. गोम आहे ती येथेंच. ज्याला सर्व तपासावयाचें, त्याला सर्व दिसतें. आणि ज्याला यंत्र थांबविण्याचा अधिकार, त्याची एक चूक यंत्रच बंद पाडते.

या दोन्हीं गोष्टी घडून गेल्या आहेत. अवास्ट ही मूळची झेक कंपनी. लोकांच्या मागावर राहणाऱ्या जाहिरातदारांपासून आपण रक्षण करतों, असें ती सांगे. प्रत्यक्षांत ग्राहक इंटरनेटवर काय पाहतात याचा तपशील २०१४ पासून २०२० पर्यंत तिच्या ‘जंपशॉट’ या पोटकंपनीमार्फत शंभराहून अधिक गिऱ्हाइकांना विकला गेला, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें ठेवला. २०२४ सालीं झालेल्या तडजोडींत कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले, आणि जाहिरातीसाठीं असा तपशील विकण्यास तिला मनाई झाली.

दुसरा प्रकार लबाडीचा नव्हे, निव्वळ चुकीचा. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या संरक्षक कंपनीनें पाठविलेल्या सदोष सुधारणेमुळें विंडोजवर चालणारीं सुमारें ८५ लाख यंत्रें बंद पडलीं. भारतांतील विमानतळांवर कांहीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

म्हणून रखवालदारच नको, असें म्हणणें शहाणपणाचें होणार नाहीं. विंडोज ११ मध्यें मायक्रोसॉफ्टचा ‘डिफेंडर’ मुळांतच असतो. त्यामुळें दुसरा विकत घेतलाच पाहिजे असें नाहीं. घ्यावयाचाच असेल तर जर्मनींतील एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियांतील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज यांसारख्या परीक्षकांचे निकाल आधीं पाहावे. फुकट मिळणाऱ्या मालाचा खर्च कोण सोसतो, हेंहि विचारावें. पडद्यावर अचानक ‘व्हायरस सांपडला’ असें बजावून दूरध्वनीचा क्रमांक देणारी सूचना बहुधा चोराचीच असते. त्या क्रमांकावर फोन करूं नये.

याखेरीज दोन कामें अशीं आहेत कीं, तीं कोणत्याहि विक्रेत्यावर सोंपवून भागत नाहीं. दुरुस्त्या वेळच्या वेळीं बसवाव्या, आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत यंत्रापासून अलग ठेवलेल्या डिस्कवर असावी. कुंपण चांगलें असलें तरी शेतकरी रोज एकदां बांधावरून फेरी मारतोच. संगणकाच्या धन्यानेंहि तेवढा नेम पाळावा.