ताईत : द्रव्ये, त्यांचे अर्थ आणि घ्यावयाची दक्षता

अतिशय प्रिय असलेल्या व्यक्तीला मराठीत ‘गळ्यातला ताईत’ म्हणतात. जे जपून ठेवावयाचे, क्षणभरही दूर करावयाचे नाही, ते गळ्यात बांधावयाचे, ही त्यामागील भावना होय. ‘ताईत’ हा शब्द अरबी ‘तावीज’वरून आलेला असून त्याच्या मुळाशी आश्रय मागण्याचा अर्थ आहे. शब्द अरबी असला, तरी वस्तू सर्वांची झाली. कोणी त्यात देवाचा अंगारा ठेवतो, कोणी मंत्र लिहिलेले भूर्जपत्र, तर कोणी दर्ग्यातून आणलेला पवित्र वचनाचा कागद. वरची चांदीची नळी मात्र बहुधा एकाच सोनाराच्या हातची असते.

ताईत साध्या अलंकाराहून वेगळा ठरतो तो त्याच्या द्रव्यामुळे. अलंकारात धातूची किंमत आणि घडणीचा डौल पाहतात. ताइतात मात्र प्रत्येक द्रव्याला एक अर्थ असतो व त्या अर्थासाठीच ते निवडले जाते. म्हणूनच आपण नेमके कोणते द्रव्य अंगावर बांधत आहोत, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

घडण

ताइताचे दोन प्रकार सर्वत्र आढळतात : लांबट नळीचा आणि चौकोनी पेटीचा. नळीसाठी चांदीचा पातळ पत्रा ऐरणीवर ठोकून सारखा करतात व सळईभोवती वळवितात. सांध्यावर टाकणखार लावून डाख वितळविला की सांधा एकजीव होतो. दोन्ही टोकांस टोपणे बसवितात. त्यांपैकी एक उघडते ठेवतात, म्हणजे आतील वस्तू घालता अथवा काढता येते. वर दोरा ओवण्यासाठी कड्या जोडतात. पेटीच्या दर्शनी बाजूवर ठशाने फूल, सूर्य, चंद्र किंवा देवतेची आकृती उठवितात. शेवटी रिठ्याच्या पाण्याने धुऊन दागिना उजळतात. या कामास मोठे यंत्र लागत नाही. लागतो तो सरावलेला हात.

द्रव्यांचे अर्थ

चांदी ही शीतल आणि चंद्राची मानली जाते. म्हणून तान्ह्या मुलाचे वाळे, साखळ्या आणि पहिला ताईत बहुधा चांदीचा करतात. तांबे हे शुद्धीचे द्रव्य समजले जाते. पूजेची उपकरणे तांब्याची असतात, तोच भाव तांब्याच्या ताइतात उतरतो. लोखंड कठीण आणि धारदार, म्हणून ते अनिष्टाला दूर ठेवते अशी समजूत आहे. घोड्याच्या नालेची अंगठी त्यातूनच आली. शनीशीही लोखंडाचे नाते जोडले जाते.

काळ्या मण्यांमागील कल्पना वेगळी आहे. पाहणाऱ्याची पहिली नजर मुलावर न पडता काळ्या रंगावर पडावी, असा त्यांचा हेतू असतो. मुलांच्या मनगट्यांत काळे मणी ओवतात ते यासाठी. माळेत ओवला जाणारा बजरबट्टू हे श्रीताड या वृक्षाचे टणक बी होय.

कवडी समुद्रातून येते आणि लक्ष्मीही समुद्रातून आली अशी कथा आहे. त्यामुळे कवडीला संपत्तीचा आणि देवीच्या कृपेचा अर्थ मिळाला. तुळजापूरच्या भवानीचे भक्त कवड्यांची माळ घालतात. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीच्या उपासनेतही कवड्यांना मान आहे.

अकीक या दगडाचे मोठे केंद्र गुजरातेत आहे. भरूच जिल्ह्यातील रतनपूर परिसरातून निघालेला दगड खंभातच्या कारागिरांकडे जातो. तापविल्याने त्याचा मातकट रंग तांबडा होतो व मग त्यास पैलू पाडून भोक पाडतात. मणी करण्याची ही परंपरा फार जुनी आहे. लोथल येथील सिंधू संस्कृतीच्या उत्खननात मण्यांचा कारखानाच सापडला. तांबड्या अकीकास रक्ताचा व जीवनशक्तीचा अर्थ लाभला, तो त्याच्या रंगामुळे.

वाघनख आणि कायदा

पराक्रमाचे चिन्ह म्हणून वाघाची दोन नखे सोन्याचांदीत मढवून मुलाच्या गळ्यात घालण्याची चाल पूर्वी होती. वाघाच्या पुढील पायांस प्रत्येकी पाच व मागील पायांस प्रत्येकी चार, अशी एकूण 18 नखे असतात. म्हणजे नऊ मुलांच्या गळ्यातील दागिन्यांसाठी एका वाघाचा जीव जातो. ज्या प्राण्याच्या शौर्याची आठवण ठेवावयाची, त्याचाच वंश खुंटविणे हे त्या चिन्हाच्या अर्थाशीच विसंगत आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये वाघास सर्वोच्च संरक्षण आहे. 1986 च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांच्या अवयवांपासून केलेल्या वस्तूंच्या व्यापारावर बंदी आली. या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. 2023 मध्ये कर्नाटकात दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमातील स्पर्धकास गळ्यातील वाघनखाच्या लोलकावरून अटक झाली, तेव्हा पुष्कळांना हा कायदा प्रथमच कळला. घरात पिढीजात वाघनख असेल, तर ते विकू नये, कोणास भेट देऊ नये किंवा मोडीतही घालू नये. नजीकच्या वनाधिकाऱ्यांकडे जाऊन कायदेशीर स्थिती समजून घ्यावी. हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठीही याच कायद्याच्या कक्षेत येते.

याहून फसवी वस्तू म्हणजे ‘हत्था जोडी’. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही वस्तू दुर्मिळ वनस्पतीचे मूळ म्हणून जत्रांतून विकली जाते. वस्तुतः ते घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते. घोरपड हाही संरक्षित प्राणी आहे. घेणारा भाविकपणे मूळ समजून घेतो आणि नकळत गुन्ह्यात सापडतो. ‘सियार सिंगी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूविषयीही सावध राहावे. कोल्ह्याला शिंग नसतेच.

वाघनखाचा आकार चांदीत ओतून किंवा घडवून घेता येतो. त्यात चिन्हाचा अर्थ राहतो, कारागिरास काम मिळते आणि कायद्याचा भंगही होत नाही.

मुलांचे आरोग्य

तान्हे मूल हातात येईल ते तोंडात घालते. ताइतात अथवा मण्यांत शिसे असल्यास ते त्याच्या पोटात जाते. शिशामुळे बुद्धीच्या वाढीस अपाय होतो आणि शरीरात त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. 2009 मध्ये न्यूयॉर्क शहरात एका बालकाच्या रक्तात शिसे आढळले. शोध घेता त्याचे कारण कंबोडियातून आणलेल्या ताइताचे मणी निघाले. मूल ते चघळत असे. स्वस्त, जड व मऊ धातूचे मणी म्हणूनच टाळावेत. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाच्या धातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू असून निकेलमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. चांदी ओळखीच्या सोनाराकडून, शुद्धतेची खात्री करून घ्यावी. सुटणारे मणी मुलाच्या घशात अडकू शकतात आणि गळ्यातील घट्ट दोरा झोपेत आवळला जाऊ शकतो, याकडेही मातांनी लक्ष द्यावे.

ताईत आणि औषध

ताइताने मनास धीर येत असेल, तर त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु धीर म्हणजे उपचार नव्हे. मुलाला ताप चढला, झटके आले किंवा कोणास सर्पदंश झाला, तर प्रत्येक घटका मोलाची असते. सर्पविषावर प्रतिविषाची लस हाच उपाय आहे व ती रुग्णालयातच मिळते. दोरा बांधून वाट पाहण्यात गेलेला वेळ परत येत नाही.

कायद्यानेही ही सीमा आखून दिली आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 यात ताईत, मंत्र व कवच यांचा ‘जादूचे उपाय’ म्हणून स्पष्ट उल्लेख असून त्यांनी रोग बरा होतो अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या व कर्नाटकाच्या 2017 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

शिक्षकांनी शाळेत या दागिन्यांचे नमुने मांडून त्यांची द्रव्ये व अर्थ मुलांना समजावून सांगावेत. ग्रामसेवक व आरोग्य कर्मचारी यांनी आठवडी बाजारात व जत्रेत ‘हत्था जोडी’सारख्या वस्तूंविषयी सावध करावे. कारागिराने आपल्या मालात कोणते द्रव्य आहे ते गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे. ताईत ज्याच्या रक्षणासाठी बांधावयाचा, त्यालाच त्यापासून अपाय होऊ नये, एवढी काळजी घेतली तर ही जुनी कारागिरी निर्वेधपणे पुढील पिढीच्या हाती जाईल.