आधी राजमा, मग आंबट

रांधपामागचं शास्त्र : लेखांक ९

आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच का पडतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. तोच नियम आज गोव्यात नेऊ, कारण तिथल्या एका पदार्थात तो मोडला तर आचेवर कितीही वेळ ठेवा, सुटका नाही. पदार्थ आहे फेजोआदा. राजमा आणि चोरीस यांचा दाट, लालसर, बेताचा तिखट रस्सा. चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पावसाळ्यात त्याला खरा भाव येतो. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारात मासळी कमी आणि महाग, आणि मे महिन्याच्या पुरुमेंतात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत, भरून ठेवलेल्या चोरिसांच्या माळा हाताशी असतात.

मूळ फेजोआदा पोर्तुगालचा. तो ब्राझीलला गेला आणि तिथे काळ्या घेवड्याचा झाला. सोबत भात, भाजलेलं कसाव्याचं पीठ, संत्र्याच्या फोडी, आणि शनिवारची दुपार. मालकांनी टाकून दिलेल्या मांसाच्या तुकड्यांतून गुलामांनी तो निर्माण केला ही गोष्ट ब्राझीलमध्ये फार आवडीने सांगतात. खाद्येतिहासाचे अभ्यासक मात्र ती मानत नाहीत. कडधान्य आणि डुकराचं मांस एकत्र रटरटवण्याची रीत दक्षिण युरोपात आधीपासून होतीच. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले आणि पुढची साडेचारशे वर्षं राहिले, तेव्हा ती रीत इकडेही पोचली. गंमत अशी की या रश्श्याचे दोन आधारस्तंभ, राजमा आणि लाल मिरची, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ च्या आधी ते लिस्बनला ठाऊक नव्हते आणि गोव्यालाही नव्हते.

गोव्याने त्यात स्वतःचं काय घातलं, तर चोरीस. पोर्तुगालच्या सॉसेजात लसूण, गोडसर मिरचीपूड आणि वाइन असते. इथे वाइनची जागा माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, केलेल्या व्हिनेगरने घेतली, मिरची सढळ झाली, आणि जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, आलं हे आपले मसाले आले. काही घरांत थोडी फेणीही पडते. मांसाचे बारीक तुकडे आधी मिठात दाबून ठेवायचे, पाणी सुटलं की या वाटणात मुरवायचे, मग आतड्यात भरून उन्हात आणि धुरात सुकवायचे. मीठ, आंबट आणि कोरडेपणा या तिघांमुळे उष्ण दमट हवेतही मांस टिकतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा टांगलेल्या दिसतात. एक खबरदारी हवी: स्पेनचं काही सुकवलेलं सॉसेज कापून तसंच खातात, गोव्याचं चोरीस तसं खायचं नसतं. ते कच्चं मांस आहे, पूर्ण शिजवूनच पानात घ्यायचं.

आता मुख्य अडचण. चोरीस आंबट आहे, आणि राजम्याला आंबट चालत नाही.

राजम्याच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थाने. पाण्यात उकळताना हे पेक्टिन हळूहळू विरघळतं, पेशी सुट्या होतात, आणि दाणा बोटात चिरडतो. त्यालाच आपण शिजला म्हणतो. पाणी आंबट असेल तर पेक्टिन विरघळायला तयार होत नाही. कॅल्शियम जास्त असलेल्या जड पाण्यातही तसंच, कारण कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या बांधून ठेवतो. म्हणून कच्चा राजमा आणि चोरीस एकदम कुकरला लावले, तर मांस लगदा होईपर्यंत दाणा आतून खडखडीतच राहू शकतो. खाण्याच्या सोड्याने काम लवकर होतं हे खरं, पण दाणा पिठाळ होतो, साबणासारखी चव मागे राहते आणि काही जीवनसत्त्वं जातात. सोडा मला पटत नाही. त्याऐवजी भिजवताना मीठ घालावं. मिठाने कडधान्य टणक होतं ही समजूत जुनी आहे, पण खरी नाही. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून रात्रभर भिजवलं, तर मिठातला सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि साल न फाटता मऊ होते. एवढं करूनही शिजत नसेल तर दोष राजम्याचा. उष्ण दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिलेलं कडधान्य शिजण्याची क्षमताच गमावतं, आणि कोकण-गोव्यात ही हवा फुकट मिळते. फेजोआदासाठी राजमा ताज्या मालातलाच बघून घ्यावा.

लाल राजम्याची आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. भिजवलेलं पाणी फेकून द्यावं आणि नव्या पाण्यात राजमा निदान अर्धा तास खळखळून उकळावा. कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या वर जातं, त्यामुळे तिथे चिंता नाही. धोका आहे तो मंद आचेवर तासन्‌तास ठेवण्यात. परदेशात राहणाऱ्या पुष्कळ मराठी घरांत विजेचा स्लो कुकर असतो. त्यात कच्चा राजमा टाकून कामाला निघून जाण्याचा मोह होतो. ते भांडं कधीकधी ८० अंशांच्या आसपासच राहतं, आणि तेवढ्या उष्णतेने हे प्रथिन नष्ट होत नाही, उलट जास्त तापदायक ठरू शकतं. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो, तो बिनधास्त वापरा.

करायला बसू. चौघांसाठी एक वाटी राजमा, पाव किलो चोरीस, दोन मोठे कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या. भिजलेला राजमा कुकरला एक शिट्टी काढून बारीक आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. दाणा चिमटीत सहज दबायला हवा. "रश्श्यात शिजेल की" असं म्हणून इथे घाई करू नका, तो तिथे शिजणार नाही. शिजवलेलं पाणी ठेवून द्या, रश्श्याचा दाटपणा त्यात आहे. चोरिसांचे दोरे कापून साल सोलून टाका.

जाड बुडाच्या भांड्यात अगदी थोड्या तेलावर कांदा आणि लसूण मऊ करा. कांदाही आंबटात नरम पडत नाही, म्हणून त्याचाही नंबर चोरिसाच्या आधी. मग चोरीस घाला आणि आच कमी करा. चरबी वितळायला लागेल आणि पाहता पाहता लाल होईल. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे नाहीत, त्यामुळे या टप्प्यावर भांड्यात तयार होते ती अख्ख्या पदार्थाची फोडणी. वरून तिखट, गरम मसाला, धणेपूड काहीही नको. चोरीस भरणाऱ्याने मसाल्याचं काम आधीच करून ठेवलंय आणि त्यावर आपली हुशारी चालवली की बिघडतं. बुडतील एवढं पाणी घालून अर्धा तास झाकून ठेवा. सुकवलेलं मांस पुन्हा मऊ व्हायला तेवढा वेळ लागतोच.

मग राजमा त्याच्या पाण्यासकट. मूठभर दाणे पळीच्या पाठीने चिरडून टाका आणि पंधरा मिनिटं उकळी राहू द्या. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. बहुतेकदा लागतच नाही. तिखट जास्त वाटलं तर आणखी पाणी ओतून उपयोग नाही, शिजलेला राजमा किंवा उकडलेला बटाटा वाढवा. काही घरांत शेवटी नारळाचं दूध घालतात. तिखट त्याने खरंच उतरतं, पण व्हिनेगरची धारही जाते. माझं मत विरुद्ध आहे. टोमॅटोही मी घालत नाही, आंबट पुरेसं आहे.

डुक्कर न खाणाऱ्यांनी हाडासकट मटणाचे खांद्याचे तुकडे घ्यावेत आणि लाल मिरची, लसूण, जिरं, मिरी व्हिनेगरमध्ये वाटून, म्हणजे रेशादच्या मसाल्यात, रात्रभर फ्रीजमध्ये मुरवावेत. मांस वेगळं शिजवायचं, राजमा वेगळा, गाठ शेवटी. चव फेजोआदाची येणार नाही, धुराचा वास कुठून आणणार? पण रस्सा झकास होतो. कोणताही केला तरी तो दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो, तेव्हा कोमट झाला की लगेच फ्रीजमध्ये जाऊ द्या. सोबत भात किंवा सान्नां, म्हणजे गोव्याच्या इडल्या, चालतात. माझी पसंती पोय या गोव्याच्या पावाला, रस्सा टिपून घ्यायला पोयसारखं दुसरं काही नाही. जुन्या पद्धतीची पोय माडाच्या सुरेने फुगवत. ती कशी फुगते, ते पुढच्या आठवड्यात.