खोडलेली एक ओळ

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर वीतभर लांबीरुंदीचा फळीचा एक तुकडा आहे. दोन्ही बाजूंना सागवानाची छापील नक्षी. गेली तीस वर्षे मी त्यावर चहाचा कप ठेवत आलो आहे, पण वरच्या पृष्ठभागाला डाग नाही की चरा नाही. तीन कडांना पट्टी चिकटवलेली आहे. चौथी कड उघडी राहिली आणि ती भिजल्या बिस्किटासारखी फुगून आली आहे. घरी येणारे विचारतात, हे काय जपून ठेवले आहे? आजवर मी विषय बदलत आलो. आज मात्र सांगून टाकावे म्हणतो.

१९८९ साली मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या शाखेत कर्ज-अधिकारी होतो. वसाहतीत बहुतेक फाउंड्र्या आणि मशीन शॉप. त्यांची प्रकरणे मला जवळजवळ पाठ झाली होती. अशात एक दिवस एक तरुण केमिकल इंजिनिअर फाइल घेऊन समोर बसला. माझ्याच वयाचा, तिशीच्या आतला. वडील ऊस लावणारे शेतकरी. त्याला फर्निचरसाठी सजावटीच्या फळ्या तयार करायच्या होत्या आणि तेही आमच्या भागात तोवर कोणी न केलेल्या पद्धतीने.

त्या काळी घरात कपाट करायचे म्हणजे काय असे, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. मिस्त्री महिनाभर घरीच मुक्कामाला असल्यासारखा. आधी प्लायवूडचा सांगाडा, मग त्यावर फेविकॉल फासून सनमायका, मग ती नीट बसावी म्हणून वर घरातली सगळी वजने. सनमायका हे खरे तर एका ब्रँडचे नाव. पण आपण ते त्या वस्तूलाच देऊन टाकले. तो पत्रा म्हणजे मुळात कागदच. फिनॉलिक राळेत भिजवलेले जाड तपकिरी कागद एकावर एक रचायचे, वर मेलामाइन राळेत भिजवलेला नक्षीचा कागद ठेवायचा आणि सुमारे दीडशे अंश तापमानात प्रचंड दाबाखाली दाबून धरायचे. दाब तसाच ठेवून थंडही करायचे. मग तो पत्रा प्लायवर चिकटवण्याचे काम वेगळेच.

या तरुणाचे म्हणणे असे होते की, मधला हा सगळा खटाटोपच वगळता येतो. लाकडाच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या भुशाची दाबून केलेली फळी बाहेरून विकत घ्यायची. तिच्या दोन्ही अंगांना मेलामाइनचा कागद लावून तापलेल्या प्रेसमध्ये घालायची. मिनिटाच्या आत राळ वितळते, पसरते आणि घट्ट होऊन फळीशी एकजीव होते. गोंद नको, वेगळा पत्रा नको. युरोपात ही पद्धत रुळली होती. मी विचारले, खालच्या बाजूला कागद कशाला, ती कोण बघतो? तो म्हणाला, "साहेब, एकाच बाजूला लावला तर फळीला बाक येतो. दोन्ही अंगांचा ताण सारखा हवा."

त्याच्या अंदाजपत्रकात एक एअर कंडिशनर होता. शाखेत मॅनेजरच्या केबिनलाही एसी नव्हता, त्यामुळे मी त्यावर लाल पेन्सिलीने गोल केला. त्याने शांतपणे समजावले, की एसी त्याच्यासाठी नव्हता, कागदासाठी होता. भिजवून वाळवलेल्या त्या कागदातली राळ अर्धीच पिकलेली असते. उकाड्यात ती आपोआप पिकत जाते आणि दमट हवेत कागद एकमेकांना चिकटतात. आमच्याकडचा पाऊस मला ठाऊक होता. एसी मंजूर झाला.

आणखी एका नोंदीवर मात्र आमचे जमले नाही. "मिस्त्री प्रशिक्षण व नमुना फर्निचर, अठरा महिने: दोन लाख चाळीस हजार रुपये." मी विचारले, हे कुठल्या सदरात घालू? यंत्रसामग्री नाही, कच्चा माल नाही, इमारत नाही. त्याने सांगायचा प्रयत्न केला की, फळी नवी आहे, तिला हाताळायची रीतही नवी आहे. मी म्हणालो, "तुमचा माल चांगला असेल तर मिस्त्री आपणहून शिकतील." वाक्य मला तेव्हा फार व्यवहारी वाटले होते. मी ती ओळ खोडली. प्रकल्पाचा खर्च कमी झाला, गुणोत्तरे सुधारली आणि प्रकरण मंजूर झाले. तारण म्हणून वडिलांची सव्वादोन एकर बागायत गहाण पडली. सही करायला म्हातारबाबा पांढरा फेटा बांधून आले होते.

१९९१च्या हिवाळ्यात प्रेस सुरू झाली. सुरुवातीला फळीत ओल जास्त असली की कागदाखाली फुगे येत, कधी चकाकी सगळीकडे सारखी येत नसे. तीन-चार महिन्यांत ते सगळे त्याने आटोक्यात आणले. अशा फळ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९० मध्ये आयएस १२८२३ हे मानक काढले होते. त्यातल्या चाचण्यांना त्याची फळी उतरली. प्रमाणपत्राची प्रत फाइलला लावताना मला स्वतःलाच पास झाल्यासारखे वाटले होते.

माल दुकानांत गेला आणि तिथेच पडून राहिला. एका रविवारी तो मला स्कूटरवर बसवून एका लग्नघरी घेऊन गेला. तिथे त्याच्या फळीचे कपाट चालले होते. मिस्त्रीने प्लायच्या सवयीने कडेत चूक ठेवली आणि हातोडी मारली. कड उभी फुटली. दुसरी फळी त्याने नेहमीच्या मोठ्या दात्यांच्या करवतीने कापली, तर नक्षीचे टवके उडाले. बिजागरीचा स्क्रू घट्ट बसला आणि दार दोनदा उघडताच भुशासकट बाहेर आला. मिस्त्रीने विडी पेटवली आणि म्हणाला, "सायेब, ही फळी न्हवं, बिस्किट हाय."

खरे तर फळीत दोष नव्हता. भुशाच्या फळीला लाकडासारखे उभे धागे नसतात, म्हणून तिच्यात खिळा ठोकायचा नसतो. आधी बारीक भोक पाडायचे, मग खोल आट्यांचा स्क्रू. कापायला बारीक दात्यांचे पाते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, कापलेली प्रत्येक कड पट्टी लावून बंद करायची. ज्या युरिया-फॉर्माल्डिहाइडने भुसा बांधलेला असतो, ते पाण्यापुढे टिकत नाही. उघड्या कडेतून ओल शिरली की दाबून बसवलेले कण फुगतात आणि पुन्हा जागेवर जात नाहीत. हे एका दुपारी शिकवता येण्याजोगे होते. पण ते शिकवायला गावोगाव जाणारा माणूस आणि त्याचा पगार मी कागदावरूनच काढून टाकला होता.

आणखीही एक गोष्ट होती, जी मला त्या मिस्त्रीने परतताना ऐकवली. सनमायका चिकटवणे, घासणे, कडा रंध्याने साफ करणे यात त्याची आणि त्याच्या दोन पोरांची आठवड्याची मजुरी निघत असे. तयार फळी आली की ते काम गेले. जो माल आपले पोट मारतो त्याची शिफारस तो गिऱ्हाइकाकडे का करील? "आमाला यात काय?" हा त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. प्रकल्प अहवालात स्पर्धक होते, पुरवठादार होते, ग्राहक होते. मिस्त्री कुठेच नव्हता. वास्तविक कुठली फळी घ्यायची, हे ग्राहक ठरवतच नव्हता. मिस्त्री ठरवत होता.

पहिल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला लागून ठेवलेली कपाटे तळातून फुगली. दुकानदारांनी माल परत केला, उधारी अडकली. त्याच सुमारास, १९९२-९३ पासून, नरसिंहम समितीच्या शिफारशींनुसार अनुत्पादक कर्जांचे नवे निकष बँकांना लागू झाले. त्याआधी अशी खाती वर्षानुवर्षे सांभाळून घेतली जात. मार्च १९९४ मध्ये तीन तिमाहींचे व्याज थकलेले खाते अनुत्पादक ठरले आणि त्याचे खाते त्यात सापडले. नोटिशीवर सही माझी होती.

त्याचे वडील शाखेत आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. म्हणाले, "मशीन चालतंय न्हवं, सायेब? फळी बी चांगली निगतीया. मग बिघडलं कुठं?" मला उत्तर माहीत होते, ते समोरच्याच फाइलमध्ये होते, लाल पेन्सिलीने खोडलेले. मी त्यांना बाजारातल्या मंदीबद्दल काहीतरी सांगितले. तडजोडीत दीड एकर विकली गेली. प्रेस गुजरातेतल्या एका कारखानदाराने घेतली. तरुण तिकडेच नोकरीला गेला. जाताना हा तुकडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, तीन कडा मी बंद केल्यात. चौथी मुद्दाम उघडी ठेवलीय." बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, तेव्हा या विषयावर बरेच वाचले. सनमायकाच्या जातीच्या पत्र्याचा मूळपुरुष फॉर्मिका. डॅनियल ओ'कॉनर आणि हर्बर्ट फेबर या दोन अमेरिकन तरुणांनी १९१३ मध्ये सिनसिनाटीत कंपनी काढली. विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी, म्हणजे 'फॉर मायका', वापरायची वस्तू म्हणून हे नाव. त्यांना साडेसात हजार डॉलर दिले जॉन टॉमलिन या केंटकीतल्या वकील-बँकरने. त्याने कंपनीत एक तृतीयांश हिस्सा घेतला. सजावटीच्या पत्र्याकडे ती कंपनी वळली १९२७च्या सुमारास. मेलामाइनचा टणक पृष्ठभाग आला १९३८ मध्ये. म्हणजे आपल्या ओट्या-टेबलांवरचा पत्रा घडायला पंचवीस वर्षे गेली. हिस्सेदार असलेला बँकर थांबू शकतो. माझ्यासारखा, दर तिमाहीला व्याज मोजणारा, थांबू शकत नव्हता. हे खरे आहे. पण त्याआड लपण्यात अर्थ नाही. मिस्त्री शिकायला पंचवीस वर्षे लागणार नव्हती. त्याने अठरा महिनेच मागितले होते.

काळ पुढे त्याच्याच बाजूने वळला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. लाकूड दुर्मीळ झाले आणि भुशाच्या फळीकडे लोक आपणहून पाहू लागले. आज शहरातल्या मॉड्युलर किचनमध्ये, ऑफिसच्या टेबलांत तीच फळी आहे.

अलीकडे पुण्यात मुलीच्या घरी स्वयंपाकघराचे काम चालले होते. वीस-बावीस वर्षांचा मुलगा ड्रिलने बिजागरीसाठी गोल खाच पाडत होता. सिंकसाठी एक फळी त्याला जागेवरच कापावी लागली. कापल्याबरोबर त्याने पिशवीतून पट्टी काढली आणि ओल्या फडक्याने हात पुसून ती कडेला नीट बसवली. मी विचारले, आतली कड आहे, कोण बघणार? तो म्हणाला, "काका, बघायला नाही. पाणी शिरतं." कुठे शिकलास, विचारले. कंपनीने कामावर घेतल्यावर आधी शिकवले, म्हणाला. शिकतानाचा पगारही दिला.

कुठल्या तरी कंपनीच्या हिशेबात ती ओळ कुणीतरी लिहिली असेल आणि दुसऱ्या कुणीतरी ती खोडली नसेल. आजही बँकांत तरुण अधिकारी नव्या उद्योगांच्या फाइली वाचत असतील. यंत्राचे कोटेशन जरूर तपासा, तारण तपासा. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर हा माल पहिल्यांदा कोणाच्या हातात पडणार आहे, त्याला तो वापरायला कोण शिकवणार आहे आणि त्यात त्याचे काय, एवढे एकदा विचारा. अर्जदाराने उत्तर आधीच लिहिलेले असेल, तर लाल पेन्सिल क्षणभर खाली ठेवा.

चौथ्या कडेला पट्टी लावून देऊ का, असे त्या मुलाने तुकडा पाहिला असता तर विचारले असते. मी नको म्हटले असते.