सहारातला नाका: नायजरने माणसांची चोरटी वाहतूक कशी रोखली आणि मग कायदाच का मोडीत काढला?

दर सोमवारी आगादेझ शहरातून टोयोटा हायलक्स गाड्यांचा ताफा निघायचा. एकेका गाडीच्या हौद्यात पंचवीस-तीस माणसं. कडेला बसलेल्यांचे पाय बाहेर लोंबकळत, आणि धरायला मध्ये खोचलेली एक काठी. वाटेत कोणी पडला तर ड्रायव्हर थांबेलच याची खात्री नाही. पुढे तीन-चार दिवस नुसती वाळू, मग लिबिया, आणि नशीब असेल तर समुद्रापलीकडे इटली. वाटेत लुटारू असतात म्हणून ताफ्याबरोबर लष्कराच्या गाड्या असायच्या. म्हणजे चोरून काहीच नव्हतं.

हा देश नायजर. नायजेरिया नव्हे, त्याच्या उत्तरेला लागून असलेला. समुद्रकिनारा नाही आणि सीमेला सात देश चिकटलेले. सेनेगल, गांबिया, गिनी, नायजेरिया इथली तरुण पोरं युरोपकडे निघाली की त्यांतली बरीचशी याच देशातून जातात. त्यांना इथे राहायचं नसतं, फक्त पार व्हायचं असतं. अशा वाटेवरच्या देशाने, म्हणजे ट्रान्झिट देशाने, हे लोंढे कसे अडवायचे, हा प्रश्न आज तुर्कस्तानपासून पनामापर्यंत सगळीकडे आहे. नायजरची गोष्ट त्यात मुद्दाम समजून घेण्यासारखी, कारण तिथे हा प्रयोग सुरूही झाला आणि गुंडाळलाही गेला.

आधी एक घोळ दूर करू. आपल्या बातम्यांत सरसकट 'मानवी तस्करी' लिहितात, पण त्यात दोन वेगळे गुन्हे आहेत. माणसाला फसवून किंवा जबरदस्तीने नेऊन त्याच्याकडून राबवून घेणं किंवा देहविक्री करवणं, हा झाला माणसांचा व्यापार. दुसऱ्यात माणूस स्वतःच पैसे मोजून एजंटला सांगतो, मला सीमेपलीकडे सोड. ही चोरटी वाहतूक. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली दोन्हींसाठी वेगवेगळे करार केले. आपल्याकडे पंजाब, हरियाणा, गुजरातेतून अमेरिकेकडे जाणारा 'डंकी'वाला धंदा मुळात दुसऱ्या प्रकारातला. अर्थात वाटेत पैसे संपले, की दुसऱ्याचा पहिला व्हायला वेळ लागत नाही.

नायजरला कायदा करावासा वाटला त्याला एक कारण ऑक्टोबर २०१३ मध्ये घडलं. अल्जीरियाच्या सीमेजवळ वाळवंटात ९२ मृतदेह सापडले. गाड्या बंद पडल्या आणि माणसं तहानेने मेली. त्यात बहुतेक बायका आणि लहान मुलं, आणि तीही नायजरचीच. दुसरीकडे २०११ मध्ये गद्दाफी गेल्यावर लिबियात कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहिला नव्हता, आणि युरोप रोज बोटी मोजून हैराण झालेला.

२६ मे २०१५ रोजी कायदा क्रमांक २०१५-३६ मंजूर झाला. परदेशी माणसाला बेकायदा सीमापार नेणाऱ्याला ५ ते १० वर्षं कैद आणि १० ते ५० लाख सीएफए फ्रँक दंड. गुन्हा गंभीर असेल तर शिक्षा ३० वर्षांपर्यंत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माल्टातल्या व्हॅलेटा परिषदेत युरोपीय संघाने आफ्रिकेसाठी मोठा निधी जाहीर केला. खरी अंमलबजावणी २०१६ च्या मध्यापासून, गृहमंत्री मोहम्मद बाझूम यांच्या काळात झाली. ड्रायव्हर आत गेले, गाड्या जप्त झाल्या, ज्या वाड्यांत प्रवाशांना ठेवायचे त्यांना टाळं लागलं.

आता हिशेब बघा. कायद्याआधी आगादेझ ते लिबियातलं सबहा हे भाडं साधारण दीड लाख सीएफए फ्रँक होतं. पंचवीस माणसांचे साडेसदतीस लाख. एका युरोला ६५६ फ्रँक हा बांधलेला दर. युरो ९० रुपये धरला तर एका खेपेचे पाच लाख रुपये. त्यातून डिझेल, एजंट आणि नाक्यानाक्यावरची चिरीमिरी जायची, तरी उरायचं ते थोडं नव्हतं. आणि हा पैसा फक्त ड्रायव्हरचा नव्हता. पाण्याचे कॅन विकणारा, डोक्याचं फडकं विकणारा, जेवण रांधणाऱ्या बायका, गॅरेजवाला, घरभाडं घेणारा असं सगळं गाव त्यावर उभं होतं. तुआरेग बंडानंतर पर्यटन बसलं होतं, तेव्हा कालचे टुरिस्ट गाइडच आजचे ड्रायव्हर झाले होते. इतकंच काय, नायजरच्याच भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेच्या २०१३ च्या अहवालात म्हटलं होतं की, प्रवाशांकडून घेतलेल्या लाचेच्या पैशातून लष्कराच्या गाड्यांचं डिझेल भरलं जातं. मग बंद कोण करणार?

पर्यायी रोजगार म्हणून युरोपच्या पैशातून योजना आली. धंदा सोडणाऱ्याला साधारण १५ लाख फ्रँक किमतीचं साहित्य. दुकान टाका, शेळ्या पाळा. वरच्याच दराने ही रक्कम दोन लाख रुपये होते, म्हणजे एका खेपेच्या गल्ल्याच्या निम्मीसुद्धा नाही. साडेसहा हजारांवर लोकांनी नावं दिली, आणि सुरुवातीच्या वर्षांत मदत पोचली ती काहीशे जणांपर्यंत.

कागदावर यश मोठं दिसलं. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या मोजणी नाक्यांवर २०१६ मध्ये सव्वातीन लाखांवर माणसं बाहेर पडताना दिसली होती. २०१७ मध्ये आकडा सत्तर हजारांच्या आसपास आला. पण मोजणी होते ती ठरलेल्या रस्त्यावर. चोर्ला घाटात नाका लागला की गोव्याची दारू कुठून येते हे आपल्याला कोणी सांगायला नको. तिथेही तेच झालं. गाड्या विहिरी असलेला रस्ता सोडून आडवाटेने, रात्री, दिवे बंद करून जाऊ लागल्या. भाडं कैक पटींनी वाढलं. गस्तीची गाडी दिसली की काही ड्रायव्हर प्रवाशांना वाळूत उतरवून पळ काढू लागले. मे २०१७ च्या अखेरीस अशाच प्रवासात गाडी बिघडून ४४ जण मेले.

कायद्याची आणखी एक बाजू लंगडी होती. पश्चिम आफ्रिकी देशांच्या 'इकोवास' संघटनेत १९७९ पासून मुक्त संचाराचा करार आहे. म्हणजे सेनेगलचा माणूस कागदपत्रं घेऊन तेव्हा नायजरमध्ये कायदेशीर येऊ शकत होता, ९० दिवस राहू शकत होता. त्याला अडवायचं ते लिबियाच्या सीमेवर, आणि ती आगादेझपासून शेकडो किलोमीटर दूर. प्रत्यक्षात आगादेझच्या बस स्टँडवरूनच धरपकड व्हायची. गुन्हा अजून घडलेलाच नाही आणि आरोपी आत! स्थानिक लोक म्हणत, हा कायदा आमच्यासाठी नाही, युरोपसाठी केलाय. मला तरी यात तथ्य वाटतं.

२६ जुलै २०२३ रोजी लष्कराने सत्ता घेतली. पदच्युत झालेले राष्ट्राध्यक्ष म्हणजे तेच बाझूम. युरोपने मदत थांबवली, आणि नोव्हेंबरमध्ये लष्करशहा जनरल चियानी यांनी कायदाच रद्द केला. आधीच्या शिक्षाही पुसल्या. आगादेझमध्ये जल्लोष झाला, ताफे पुन्हा उघडपणे निघू लागले.

मग इटलीत लोंढा वाढला का? नाही. २०२३ मध्ये तिथे दीड लाखांवर लोक समुद्रमार्गे उतरले होते, २०२४ मध्ये सुमारे ६६ हजार. कारण युरोपने तोवर कुलूप पुढच्या दाराला लावलं होतं. जुलै २०२३ मध्ये ट्युनिशियाशी करार झाला, आणि आता बोटी तिथेच अडवल्या जातात. अल्जीरिया तर पकडलेल्या लोकांना ट्रकमध्ये भरून नायजरच्या सीमेवर 'पॉइंट झीरो' नावाच्या जागी आणून सोडतो. २०२४ मध्ये असे ३१ हजारांवर लोक सोडले गेले. तिथून पहिलं गाव असमाका, १५ किलोमीटर, आणि परदेशी असाल तर ते अंतर पायीच तोडायचं.