ऐकणारा कोणी नसतो तेव्हा

ठाकुर्लीत राहणाऱ्या नाटकवेड्याची चैनच असते. एका बाजूला डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर, दुसऱ्या बाजूला कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि धीमी लोकल पकडली की ठाण्याचे गडकरी रंगायतन. शिवाय गणेशोत्सवाच्या मंडपात कोणीतरी शाल पांघरून ‘नटसम्राट’मधले स्वगत म्हणतोच. टाळ्याही हमखास पडतात. पण ते बहुतेक वेळा वक्तृत्व असते. स्वगताला आधीचे नाटक लागते, पात्राभोवतीची माणसे लागतात आणि त्यांच्यापाशी बोलण्यात अर्थ उरलेला नाही, हे प्रेक्षकाला पटलेले असावे लागते.

पात्राच्या मनातले प्रेक्षकाला कळावे म्हणून स्वगत, असे आपण शाळेत शिकतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कोणाला ऐकू जाते आणि कोणाला नाही, हा खरा खेळ. संस्कृत नाट्यशास्त्रकारांनी त्याची रीतसर व्यवस्था लावली होती. स्वगत मंचावर कोणालाच ऐकू जात नाही, जनान्तिक ठरावीक पात्रांपुरतेच असते, तर आकाशभाषितात समोर नसलेल्या माणसाशी बोलायचे.

शेक्सपिअरने या खेळातून पेच उभे केले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, ते पुस्तक 1883 साली निघाले. पुढे गणपतराव जोश्यांनी त्यातली नायकाची भूमिका गाजवली. त्यातला प्रार्थनेचा प्रसंग पाहा. खुनी राजा एकटाच आपल्या पापाची कबुली देतो आणि ती फक्त आपण ऐकतो. मागून आलेल्या राजपुत्राला दिसतो तो गुडघे टेकलेला भक्त, म्हणून तो तलवार आवरतो. राजाची प्रार्थना पोकळ होती, हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही. ‘ऑथेल्लो’मधला इयागो तर आपले बेत आधी आपल्याला सांगतो आणि नकळत आपल्याला कटात ओढतो.

मराठी संगीत नाटकात हे काम बरेचसे पदांनी केले. मग इब्सेनच्या वळणाचे वास्तववादी नाटक आले. दिवाणखान्यात सोफ्यावर बसलेला माणूस एकट्याने मोठ्याने बोलू लागला, की ते खोटे वाटू लागले. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले, तेव्हा स्वगताला रजा मिळाली होती.

पण गरज संपली नव्हती. 1967 साली तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये ते परतले, तेही पूर्ण वास्तववादी बाजाच्या नाटकात. अभिरूप न्यायालयाचा खेळ हळूहळू लीला बेणारेची शिकार होतो. शेवटी तिला बोलायला दहा सेकंद मिळतात. बाकीची पात्रे गोठतात आणि ती बोलत राहते, कितीतरी वेळ. मग वेळ संपल्याची घोषणा होते आणि शिक्षा सुनावली जाते, जणू ती काही बोललीच नाही. दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारे साकारणाऱ्या सुलभा देशपांडे यांच्या आग्रहामुळे तेंडुलकरांनी हे स्वगत लिहिले, हे विशेष. माझ्या मते मराठीत स्वगताचा इतका नेमका वापर दुसरा नाही. भरल्या खोलीत एकीचे बोलणे कोणापर्यंत पोचत नाही, हेच तर नाटक सांगत आले होते. स्वगताचा संकेत तेच डोळ्यांसमोर घडवतो.

शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ 1970 चे, डॉ. श्रीराम लागूंनी पहिल्यांदा उभे केलेले. तिथे तर्‍हा वेगळी. गणपतराव बेलवलकर जन्मभर शेक्सपिअरचे नायक जगलेला नट. घरात त्याचे ऐकणारे कमी होत जातात, तसे त्याचे बोलणे रंगमंचाच्या भाषेत शिरते. सवयीने तो गैरहजर प्रेक्षागृहालाच साद घालतो. त्याचा आवाज चढतो तो या सवयीपायी, नटाला टाळ्या मिळाव्यात म्हणून नव्हे.

तेव्हा यंदा स्पर्धेसाठी घरातल्या मुलांकडून स्वगत पाठ करून घेणार असाल, तर आधी त्यांना अख्खे नाटक वाचायला द्या.