खेमा : निर्भयतेचं नाव

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि शहरापासून अमरावती मार्गावरच्या वाडीपर्यंत सुजाता, यशोधरा, संघमित्रा ही नावं घराघरांत रुळली. त्याच परंपरेतलं ‘खेमा’ मात्र मुलींच्या वाट्याला क्वचितच येतं. ऐकताना ते परकं वाटतं, पण त्याचं कूळ आपलंच आहे. संस्कृतातलं ‘क्षेम’ पालीत ‘खेम’ होतं. त्याचा अर्थ सुरक्षित, भयमुक्त. निर्वाणासाठीही हा शब्द येतो. पत्रातलं ‘क्षेमकुशल’ आणि आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यातला ‘योगक्षेम’ याच घराण्यातले.

मग सरळ ‘क्षेमा’च का ठेवू नये, असं कुणी विचारेल. पाली रूप म्हणजे बिघडलेलं संस्कृत, हा समज त्यामागे असतो. पण क्षीराची खीर आणि क्षाराचा खार झाला, तो याच वळणाने, आणि खिरीला कुणी अशुद्ध म्हणत नाही. दुसरा आक्षेप नागपुरात हमखास येईल : हिंदीत खेमा म्हणजे तंबू किंवा गट. तो शब्द अरबी ‘खैमा’वरून आला, उच्चार जुळला, तरी नातं नाही. ‘माया’ म्हणजे ममता, भ्रम आणि साठवलेला पैसाही. तरी मुलींचं नाव माया ठेवलं जातंच.

नावाला खरं वजन येतं ते मूळ खेमेमुळे. मगधाच्या बिंबिसाराची ही राणी भिक्खुणी झाली आणि बुद्धांनी तिला भिक्खुणींमध्ये प्रज्ञेत अग्रगण्य म्हटलं. मृत्यूनंतर तथागत उरतात का, असं कोसलराजा पसेनदीने विचारलं तेव्हा तिने उलट विचारलं, गंगेच्या वाळूचे कण कुणी मोजू शकेल का? पुढे बुद्धांनीही राजाला तेच उत्तर दिलं. रूपाची नव्हे, बुद्धीची कीर्ती सांगणारी मुलींची नावं आपल्याकडे थोडी आहेत, म्हणून हे मोलाचं. हा शब्द दूरवर गेला. थायलंडमधलं ‘कसेम’ हे पुरुषाचं नाव क्षेमवरूनच आलं. बर्लिनच्या ज्यू कुटुंबात १९२३ साली जन्मलेल्या, नाझी राजवटीमुळे देश सुटलेल्या स्त्रीने १९७९ साली श्रीलंकेत दीक्षा घेतली आणि ती अय्या खेमा झाली. जिचं बालपण भयाने उखडलं, तिला मिळालेलं हे नाव निर्भयतेचं होतं. वाडीतल्या एखाद्या घराने लेकीसाठी ते निवडलं, तर तो नवखा हव्यास नसेल. आपल्याच वारशावरचा तो हक्क असेल.